पोच

मराठीत ‘पोच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाठवलेली वस्तू मिळाल्याचे कळवणे म्हणजे पोच देणे. आणि समोरच्या माणसाची वेळ, परिस्थिती ओळखून वागण्याची जी समज असते, तीही पोचच. ‘रकमेची पोच उलट टपाली पाठवावी’ असे आपण लिहितो, आणि ‘त्या गृहस्थांना मुळी पोचच नाही’ असे आपण बोलतो. हे दोन अर्थ एका शब्दाच्या पोटात कसे आले, याचा खल भाषापंडितांनी करावा. मला एवढेच वाटते की, ज्या कोणी हा शब्द प्रथम दोन्हीकडे वापरला त्याला संसाराची चांगली ओळख असली पाहिजे. कारण आपली निम्मी भांडणे पोच न आल्यामुळे होतात. आणि उरलेली निम्मी, ती का आली नसेल हे समजण्याची पोच आपल्याला नसल्यामुळे होतात!

ज्या घरातले कोणी परदेशी असते, त्या घरात हा शब्द दिवाळीच्या सुमारास फार ऐकू येतो. ‘डबा पोचला का?’ ‘पोचल्याचे काही कळले का?’ चकल्या, करंज्या, कडबोळी डब्यात भरायची, डबा कापडात शिवायचा, कापडावर ठळक अक्षरांत पत्ता घालायचा आणि तो टपालकचेरीच्या काट्यावर ठेवायचा, येथपर्यंतचे काम घरच्या बायकांच्या हातातले. पुढचे सगळे परस्वाधीन. काट्यावरून डबा उचलला गेला की तो कोणाकोणाच्या हातांतून, कोणत्या विमानातून, कोणत्या जकातघरातून जाणार आहे, याची कल्पना ना पाठवणाऱ्याला असते, ना ज्याला तो मिळायचा त्याला.

हे परस्वाधीनपण २०२५ साली हजारो घरांना एकदम जाणवले. अमेरिकेच्या सरकारने आठशे डॉलरपर्यंतच्या परदेशी मालाला असलेली जकातीची माफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. टपालाने येणाऱ्या पुडक्यांवरची ही जकात कोणी, कोठे आणि कशी वसूल करायची, याचा उलगडा वेळेवर झाला नाही. माल नेणाऱ्या विमान कंपन्यांनी हात वर केले. आणि आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले, व महिनाअखेरीस साधी पत्रेसुद्धा, घेण्याचे थांबवले. हे काम पुन्हा सुरू झाले ते १५ ऑक्टोबरला. तोवर दिवाळी दाराशी येऊन उभी राहिली होती. ज्यांना परवडले त्यांनी खासगी कुरिअरची वाट धरली. इतरांनी भाजणीचा बेतच रहित केला. दोन सरकारांच्या जकातीच्या प्रश्नात आपली चकली कशी अडकली, हे एखाद्या आजीला समजावून सांगणे सोपे नव्हते.

तरीही त्या वर्षी एक गोष्ट बरी झाली, असेच म्हटले पाहिजे. अडचण कोठे आहे हे साऱ्या वर्तमानपत्रांनी छापले होते. त्यामुळे डबा गेला नाही म्हणून लेकीने आईवर रुसण्याचा, किंवा पोच आली नाही म्हणून सासूने सुनेला बोल लावण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. खरी पंचाईत होते ती काहीच कळत नाही तेव्हा. पत्र टाकलेले असते, आठवडे जातात, उत्तर नाही.

अशा वेळी मनापुढे दोन शक्यता उभ्या राहतात. एक, पत्र किंवा त्याचे उत्तर वाटेत कोठे तरी गहाळ झाले. दुसरी, उत्तर लिहिलेच गेले नाही. पुरावा दोन्हींचा एकच: रिकामी पेटी. रिकाम्या पेटीवरून टपालखात्याचा गलथानपणा सिद्ध होत नाही, आणि मुलाचा कृतघ्नपणाही सिद्ध होत नाही. पण माणूस पुराव्याची वाट पाहत थांबत नाही; तो दोहोंपैकी एक निवडून मोकळा होतो. मागच्या पिढीतल्या आया बहुधा पहिली शक्यता निवडत. शेजारीण विचारी, ‘काय हो, विलायतेचे पत्र आले का?’ आणि उत्तर मिळे, ‘नाही आले, टपालातच काही घोटाळा झाला असेल.’ त्याच आठवड्यात त्याच देशातून शेजारच्या घरी पत्र आलेले आहे, हे विचारणारीला ठाऊक असे आणि सांगणारीलाही ठाऊक असे. तरी ते वाक्य तितक्याच शांतपणे बोलले जाई, आणि तितक्याच शांतपणे ऐकून घेतले जाई.

हा भाबडेपणा होता काय? प्रश्न लहानसा दिसतो, पण तो नीतीचा प्रश्न आहे. ज्याला पुरावा नाही असे काही चांगले खरे मानून चालणे, ही स्वतःची फसवणूक की हा एक सद्गुण? शाळेत आम्ही शास्त्राच्या तासाला मुलांना सांगतो की, पुराव्यावाचून काही मानू नये. त्याच मुलांना त्याच दिवशी भाषेच्या तासाला सांगतो की, माणसाने माणसावर विश्वास ठेवावा. ‘सर, मग या दोन्हींतले खरे कोणते?’ असे विचारणारा मुलगा सहसा भेटत नाही, हे आम्हा शिक्षकांचे नशीबच म्हणायचे!

जगाच्या टपालव्यवस्थेने मात्र या प्रश्नाचे उत्तर एकदा फार मोठ्या मनाने दिले होते. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी वीसहून अधिक देशांनी एक करार केला. तोपर्यंत परदेशी पत्राचा खर्च ते कोणत्या मार्गाने, कोणत्या देशांतून जाईल यावर ठरे. बर्नच्या कराराने असे ठरवले की, पत्रांच्या देवघेवीपुरते हे सगळे देश मिळून एकच मुलूख समजावेत. १८७६ साली हिंदुस्थानही या संघात आला. या करारात हिशेबाची एक मोठी मौजेची गोष्ट होती. मुंबईहून पॅरिसला पत्र गेले तर तिकिटाचे पैसे मिळत हिंदुस्थानला. पण ते पत्र दारोदार नेऊन देण्याचे कष्ट पडत फ्रान्सच्या पोस्टमनला. मग फ्रान्सला त्याचा मोबदला काय? काहीच नाही. ज्या देशाने तिकिटाचे पैसे घेतले त्याने ते ठेवावेत, वाटणाऱ्याने काही मागू नये, असा नियम होता. आणि त्यामागची समजूत अशी की, प्रत्येक पत्राला उत्तर येतेच! आज फ्रान्सचा पोस्टमन तुमचे पत्र फुकट वाटील, उद्या त्याचे उत्तर तुमचा पोस्टमन फुकट वाटील. हिशेब आपोआप मिटला.

सरकारांच्या करारात इतके भाबडे गृहीत क्वचितच सापडेल. पण त्यावर जगाचे टपाल जवळजवळ शंभर वर्षे चालले. पुढे मासिके, जाहिराती, पुडकी यांचा लोंढा वाढला. काही देशांकडे जे येई त्याच्या मानाने त्यांच्याकडून फारच थोडे जाई. शेवटी १९६९ साली टोकियो येथे भरलेल्या परिषदेत, वाटणाऱ्या देशाला मोबदला द्यावा असे ठरले, आणि १९७१ पासून तसा हिशेब सुरू झाला. म्हणजे प्रत्येक पत्राला उत्तर येत नाही, ही गोष्ट जगाने अधिकृतपणे मान्य केली ती त्या वर्षी. ज्या आईने ती कधीच मान्य केली नाही, तिला आपण भाबडी म्हणतो. मग त्या वीस देशांच्या मुत्सद्द्यांना काय म्हणावे?

आता याची दुसरी बाजू पाहा. सरकार आपल्यावर पत्रामागे पत्राचा विश्वास ठेवायला लावते, पण स्वतः मात्र सावध असते. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, पत्र हरवले, भलतीकडे गेले, उशिरा पोचले किंवा खराब झाले, तर सरकारने तशी खास हमी घेतली असल्याखेरीज सरकारवर त्याची जबाबदारी नाही. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. त्यातही टपालखात्याला जबाबदारीतून असे संरक्षण आहेच. याचा अर्थ, साधे पत्र पेटीत टाकल्याचा ‘ठप्’ असा आवाज झाला की, त्या क्षणी आपल्या हाती हक्क म्हणून काही उरत नाही. उरतो तो विश्वास. लक्षावधी माणसे इतक्या निष्काळजीपणे इतका मोठा विश्वास रोज दुसऱ्या कोणत्या ठिकाणी टाकत असतील, असे मला वाटत नाही.

मायदेशी असताना या विश्वासाचे ओझे वाटत नाही, कारण तेथे टपालाला एक चेहरा असतो. गावातल्या पोस्टमनला आपण ओळखतो, आणि मुख्य म्हणजे तो आपल्याला ओळखतो. पाकिटावर नुसते ‘मारुतीच्या देवळामागे’ लिहिलेले असले तरी पत्र बरोबर येते. आणि नाही आले तर सायकल अडवून विचारता येते. परदेशात गेलेल्या माणसाचे नेमके हेच सुटते. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला त्याची हकीकत कळवली होती. त्या देशात एकाच इमारतीत कितीही बिऱ्हाडे असली तरी पत्त्यात सहसा खोलीचा क्रमांक नसतो. पेटीवर ज्याचे नाव असेल त्याचे पत्र त्या पेटीत पडते. हा गडी दुसऱ्याच्या बिऱ्हाडात एका खोलीत उतरलेला. पेटीवर नाव घरमालकाचे. बँकेने खात्याचे कार्ड एका पाकिटातून पाठवले आणि गुप्त आकडा दुसऱ्या पाकिटातून. एक पाकीट कसे कोण जाणे मिळाले. दुसरे ‘असा माणूस येथे राहत नाही’ म्हणून परत गेले. ‘सर,’ त्याने लिहिले होते, ‘मी दोन महिने या घरात जेवतो, झोपतो आहे, पण पेटीवर चिठ्ठी चिकटवीपर्यंत मी येथे राहतच नव्हतो!’

पत्रातले त्याचे पुढचे गाऱ्हाणे आणखी निराळे. खाते उघडायला राहण्याचा दाखला हवा, खोली भाड्याने घ्यायला खाते हवे, आणि दाखला तर यायचा टपालानेच. परदेशी गेलेल्या माणसाची निम्मी शक्ती अशा वर्तुळांत फिरण्यात जाते. आखाती देशांत कामाला गेलेल्या आमच्या कोकणातल्या माणसांची तऱ्हा वेगळी. तेथे टपाल घरपोच येण्याची रीतच नव्हती; ते यायचे कंपनीच्या पेटीच्या क्रमांकावर, आणि तेथून कोणी आणून दिले तर हाती. म्हणून रत्नागिरीकडच्या बायका टपालापेक्षा गावी आलेल्या आणि परत निघालेल्या माणसाच्या हाती पत्र देणे पसंत करीत. त्या माणसाचे नाव माहीत असे, घर माहीत असे. पत्र हरवले तर जाब विचारायला एक उंबरठा असे.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा प्रकार तर विनोदाच्या पलीकडचा. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मुलाकडे परदेशी राहणाऱ्या वृद्धाने तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही करायची, कागद टपालात घालायचा आणि वाट पाहायची. कागद वाटेत रेंगाळला की पैसे बंद. नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला यंत्राच्या साहाय्याने देण्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण त्याआधी कित्येक आजोबांनी तो चमत्कारिक काळ अनुभवला असेल: माणूस घरात धडधाकट, आणि त्याचे जिवंतपण मात्र समुद्रावर कोठे तरी अडकलेले!

या सगळ्या लहानसहान गोष्टींनी माणूस इतका का पिचतो? पाकीट परत गेले, आणखी एक अर्ज करावा लागला, यात आभाळ कोसळण्यासारखे काय आहे? उत्तर पुन्हा आपल्या भाषेतच आहे. ‘त्याचा पत्ता नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या घराचा क्रमांक आपल्याला माहीत नाही एवढेच म्हणायचे नसते. तो माणूस हरवला आहे, असे म्हणायचे असते. परक्या देशात परत गेलेले पाकीट माणसाला नेमके हेच ऐकवते. म्हणून तिकडे गेलेली मुले टपालावर, बँकेवर, कचेऱ्यांवर जो संताप करतात, तो खरे पाहता त्या कचेऱ्यांवरचा नसतो. आपल्याला येथे चेहऱ्याने कोणी ओळखत नाही, याचे ते दुःख असते.

पण समजा, टपालाने आपले काम चोख केले, पत्र वेळेवर पोचले, तर सारे सुरळीत होईल काय? या ठिकाणी मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्यांचे पती गोपाळराव हे टपालखात्यातच नोकरीला होते, हा मोठा योगायोग. त्या दोघांचे भाग्य पत्रानेच उघडले. गोपाळरावांचा पत्नीच्या शिक्षणासंबंधीचा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला, आणि १८८० साली त्यांनी या अनोळखी मुलीला आपण होऊन पत्र लिहिले. पत्र त्यांना उद्देशून नव्हते. उत्तर मात्र त्यांनी दिले. पुढे ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघालेली ही अठरा वर्षांची मुलगी ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली, ती या मावशींच्याच भरवशावर. आणि ११ मार्च १८८६ रोजी ती फिलाडेल्फियाला एम. डी. झाली. उत्तर लिहिण्याची बांधीलकी नसताना लिहिलेल्या एका उत्तराचे हे फळ.

पण त्याच काळात पतिपत्नींमध्ये जी पत्रे गेली-आली, त्यांची कथा इतकी गोड नाही. गोपाळराव मोठ्या मनाचे, तसेच विक्षिप्त आणि तापट. दूर राहून त्यांनी पत्नीला जी पत्रे लिहिली, त्यांतली काही संशयाने आणि कठोर शब्दांनी भरलेली होती. पत्राला एका बाजूने महिनाभर किंवा त्याहून अधिक लागे, उत्तराला तेवढाच काळ. रागाच्या भरात लिहिलेले पत्र अमेरिकेत उघडले जाईपर्यंत लिहिणाऱ्याचा राग कधीच ओसरलेला असेल. वाचणारीला मात्र तो त्या दिवशी ताजा. थंडीत, परक्या अन्नावर, परीक्षांच्या धकाधकीत तिने ते शब्द वाचले, त्यांना स्पष्ट शब्दांत उत्तरे दिली, आणि पत्रे लिहिणे सोडले नाही. येथे टपालाचा काहीही दोष नव्हता. प्रत्येक पत्र पोचले होते. पोच नव्हती ती दुसऱ्या अर्थाची.

उशिरा पोचणाऱ्या गोष्टींविषयी आपल्या पूर्वजांनी अधिक समजूतदारपणे विचार केला होता, असे दिसते. परदेशी असलेल्या आप्ताला मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर त्याने उरलेले दिवस सुतक पाळावे. दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री. वर्ष उलटल्यावर कळली तर नुसते स्नान करावे, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. पण पुढच्या शास्त्रकारांनी आईबापांच्या बाबतीत एक अपवाद केला. दूरदेशी असलेल्या मुलाला त्यांच्या मृत्यूची बातमी केव्हाही कळो, ज्या दिवशी ती कानावर येईल त्या दिवसापासून त्याचे पूर्ण दहा दिवस सुरू होतात. सुतकावर आज कोणाचा विश्वास असो वा नसो, या नियमातली माणुसकी पाहण्यासारखी आहे. बातमी उशिरा आली हा मुलाचा अपराध धरलेला नाही. आणि बातमी जुनी झाली म्हणून त्याचे दुःखही जुने मानलेले नाही. शास्त्राला आपण कडक म्हणतो, पण वाटेत लागलेला वेळ त्याने कोणाच्याही नावावर मांडला नाही.

आज वाटेत वेळ लागतच नाही. हातातल्या यंत्रावर अक्षरे उमटतात, ती क्षणात समुद्रापार जातात, आणि वाचली गेली की दोन निळ्या खुणा उठतात. पत्रांचे दिवस सरत चालले आहेत. डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेल्या सरकारी टपालाने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटची पत्रे वाटली आणि ते काम सोडून दिले. पंचवीस वर्षांत तेथील पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. कोणी म्हणेल, बरे झाले, आता ती रिकामी पेटी नको आणि तो संशयही नको.

संशय गेला का? मला तर तो वाढलेला दिसतो. पूर्वी आई आणि मुलगा यांच्यामध्ये टपालखाते उभे होते, आणि दोघांच्या वाटचा दोष ते निमूटपणे आपल्या खांद्यावर घेत होते. आता तो खांदा उरला नाही. आई रात्री आठ वाजता निरोप पाठवते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, आणि मुलगा कामावर असतो. तो घाईत वाचतो, सवडीने लिहू म्हणून ठेवून देतो. इकडे निळ्या खुणा दिसतात. ‘वाचले, आणि उत्तर दिले नाही!’ आता टपालात घोटाळा झाला असेल, असे म्हणायची सोय कोठे आहे? त्या खुणांनी पहिल्या अर्थाची पोच मिळते. दुसऱ्या अर्थाची पोच कोणतेही यंत्र देत नाही. मुलगा त्या क्षणी वरिष्ठाचे बोलणे खात होता, की घरभाड्याच्या विवंचनेत होता, की खरोखरच आळस करीत होता, हे त्या निळ्या रंगात लिहिलेले नसते.

म्हणून मला असे वाटते की, आपण एक विचित्र अदलाबदल करून बसलो आहोत. जेथे हिशेब मागायचा तेथे आपण क्षमा करतो, आणि जेथे क्षमा करायची तेथे हिशेब मागतो. कचेरीने कागद हरवला, तीन महिने उत्तर दिले नाही, तर आपण मान हलवून म्हणतो, ‘चालायचेच!’ आणि पोटच्या मुलाने तीन दिवस उत्तर दिले नाही तर त्याला धारेवर धरतो. वास्तविक ‘चालायचेच’ हे वाक्य घरासाठी राखून ठेवायला हवे होते. कचेरीशी बोलताना पावती, तारीख, नियम यांचाच आग्रह धरावा. त्यात दुष्टावा नाही. ज्या वृद्धाचे पैसे कागदापायी बंद पडतात, त्याला टपालाच्या अडचणी समजून घेण्याचा उपदेश करणे हा क्रूरपणा आहे.

व्यवस्थेच्या दोषाला ‘चालायचेच’ न म्हणणारी माणसेही आपल्यात होऊन गेली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, यांमुळे पत्रे भलतीकडे जात. आपल्याच महाराष्ट्रात वडगावे आणि पिंपळगावे काय थोडी आहेत! मूळचे कोकणातले, संस्कृतचे कवी आणि दळणवळण मंत्रालयातले अधिकारी असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर सहा आकड्यांचा तोडगा काढला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो पिनकोड म्हणून अमलात आला. पत्र हरवले हे नशिबावर सोडून न देता, ते का हरवते हे त्यांनी शोधले. कचेरीच्या बाबतीत हीच खरी नीती.

आणि माणसाच्या बाबतीत? मघाचा प्रश्न अजून तसाच आहे. ‘टपालात घोटाळा झाला असेल’ म्हणणारी आई स्वतःला फसवत होती काय? एखादा रोखठोक वाचक म्हणेल, मुलगा खरोखरच विसरला असेल तर काय? तर मग ती चुकली, इतकेच. पण चुकून तिने काय केले ते पाहा. पत्र हरवले असेल असे समजल्यामुळे तिने दुसरे पत्र लिहिले! त्याने मुद्दाम लिहिले नाही असे जी समजली, तिने कागद-दौत आवरून ठेवली आणि ती मानाने वाट पाहत बसली. चांगले गृहीत धरणारी आई दाराची कडी काढून ठेवते. वाईट गृहीत धरणारी ती लावून घेते. त्यात खरे कोणाचे ठरेल हे आधी कळत नाही. पण विसरलेला मुलगा परत येईल, तर तो पहिल्या दारानेच येईल, दुसऱ्या नव्हे. तेव्हा हा विश्वास म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे; ते एक काम आहे, आणि त्याला टपाल हशिलाचा खर्चही येतो.

मात्र ज्याला हा संशयाचा फायदा मिळतो, त्याने तो दान समजू नये. ते उसने आहे. टपालाच्या आड लपणारी मुले पूर्वीही होती, आणि ‘कामात होतो’ या शब्दांच्या आड लपणारी आज आहेत. आई आपल्या अपराधाला दुसरे नाव देते आहे, हे ओळखण्याइतकी पोच परदेशी गेलेल्याला हवी. दोन ओळी पुरतात. ‘आज सवड नाही, रविवारी लिहितो’ एवढे लिहिले तरी पोच दिल्यासारखे होते. पण मग त्या रविवारी लिहिले पाहिजे.

दिवाळीचे चार दिवस घरात माणसे असतात, आणि जी नसतात त्यांची आठवण निघते. फराळाची ताटे उचलली गेली, मुले फुलबाज्यांच्या तारा गोळा करायला अंगणात पळाली, म्हणजे थोडी उसंत मिळेल. तेव्हा, वाचकहो, ज्यांचे बरेच दिवसांत काही कळले नाही अशा एखाद्या माणसाला चार ओळी लिहा. कागदावर लिहा किंवा यंत्रावर लिहा. गेल्या वेळचे उत्तर आले नव्हते, हा उल्लेख त्यात नको. आणि याही पत्राला उत्तर आले नाही तर, टपालात काही घोटाळा झाला असेल असे समजून, दुसरे लिहा.